मंगळसूत्र डबीत का ठेवते

चिऊ,

परवा सकाळी मी शाळेत निघताना गळ्यातलं काढत होते आणि तू दूध पिता पिता विचारलंस, आई, आजी म्हणते मंगळसूत्र काढायचं नसतं, मग तू रोज का काढतेस, ते रिलिजन आहे की दागिना? तुझी बस यायची होती म्हणून नंतर सांगते म्हटलं, पण दोन दिवस डोक्यात तेच चाललंय, म्हणून आज बसून लिहितेय, जरा लांबेल.

आधी आपल्याकडचं. काळे मणी आणि दोन वाट्या, एक माहेरची, एक सासरची असं आजी सांगते. बाबाने लग्नात मंत्र चालू असताना ते घातलं, म्हणजे धर्म आहेच त्यात. पण कोकणातल्या बेने इस्राएली ज्यू बायकाही मंगळसूत्र घालत आल्यात, आणि त्यांचा देव, त्यांची प्रार्थना आपल्यापेक्षा वेगळी, म्हणजे ती आपल्या मातीतली रीतही आहे. आणि मला विचारशील तर मान वळवली की वाट्यांचा बारीक आवाज येतो ना, तो मला घरचा वाटतो. यातलं खरं कुठलं? सगळंच गं. भारतात कधी कोणी मला यातलं एक निवड म्हटलं नव्हतं.

इथे निवडावं लागलं. आपण राहतो त्या कॅनडाच्या फ्रेंच बोलणाऱ्या क्युबेक प्रांतात जून २०१९ मध्ये बिल २१ नावाचा कायदा झाला. सरकारी शाळांतले शिक्षक, पोलीस, सरकारी वकील अशा लोकांनी कामावर धार्मिक चिन्ह घालायचं नाही. चिन्ह म्हणजे काय, तर श्रद्धेपोटी घातलेला कपडा, दागिना, डोक्यावरचं काहीही, किंवा बघणाऱ्याला साधारणपणे धर्माचं वाटेल असं काही. मला नोकरी लागली २०२१ मध्ये, म्हणजे कायद्यानंतर. मी आपणहून मुख्याध्यापिका बाईंना विचारलं की हे चालेल का? बाई फार चांगल्या होत्या, त्याच गडबडल्या, वाट्यांकडे बघत म्हणाल्या, तुम्ही हे श्रद्धेने घालता का? चिऊ, मला उत्तरच देता आलं नाही. माझ्या मनात काय आहे ते एका ऑफिसात फ्रेंचमध्ये सांगायचं आणि त्यावर नोकरी ठरायची, हे मला सहन झालं नाही. त्या रात्री मी ते कुंकवाच्या जुन्या स्टीलच्या डबीत ठेवलं. काढा असं कोणी सांगितलं नव्हतं, हेही खरंय.

पण माझं तरी डबीत मावतं. माझ्यासोबत एक मैत्रीण शिकवते, हिजाब घालते, ती कायद्याच्या आधीपासून नोकरीत आहे म्हणून त्याच पदावर असेपर्यंत तिला सूट आहे. व्हाइस प्रिन्सिपल व्हायचं तर सूट संपली. तिच्याइतकं गणित आमच्याकडे कोणी छान शिकवत नाही आणि ती अर्जच करत नाही. कायदा सगळ्यांना सारखाच आहे असं म्हणतात, पण ज्याचा धर्म डोक्यावर दिसतो त्यालाच तो आडवा येतो, पगडीवाल्या सरदारजी मुलाला शिक्षक व्हायचं असेल तर त्याने काय करायचं सांग.

इथले लोक वाईट आहेत असं मात्र समजू नकोस. १९६० पर्यंत इथे शाळा, हॉस्पिटलं सगळं चर्चच्या हातात होतं, आपल्या शेजारच्या आजी सांगतात ना की त्यांच्या लहानपणी पाद्री घरी येऊन पुढचं मूल कधी असं विचारायचे. त्या धाकातून हे लोक बाहेर आलेत, त्यांना धर्म शाळेत परत नकोय, ते मला पटतं. विधानसभेत १९३६ पासून क्रूस होता, तोही त्यांनी २०१९ मध्ये काढला. भिंतीवरचा क्रूस काढला ते बरोबरच झालं, भिंत सरकारची आहे. गळा माझा आहे.

सरकारने धर्मात पडूच नये असंही मी म्हणत नाही हं. आजी ज्यांच्या गोष्टी सांगते त्या साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण केलं, कारण विठ्ठलाच्या देवळात दलितांना आत घेत नव्हते. देऊळ उघडलं, त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला, आणि आपल्या संविधानाच्या कलम २५ मध्ये हिंदूंची सार्वजनिक देवळं सगळ्या हिंदूंना खुली करायचा अधिकार सरकारला दिलाय. त्याच कलमात शिखांनी कृपाण बाळगणं हा त्यांच्या धर्माचा भाग आहे असंही लिहून ठेवलंय. तिथे सरकार मधे पडलं ते बाहेर उभ्या माणसाला आत घ्यायला. इथे माझी मैत्रीण वर्गात उभी आहे, मुलं तिच्यावर जीव टाकतात, आणि सरकार तिला यापुढे जाऊ नकोस म्हणतंय. मला यात खूप फरक दिसतो.

कॅनडाच्या चार्टरमध्ये, म्हणजे हक्कांच्या सनदेत, धर्माचं स्वातंत्र्य आहेच, पण कलम ३३ वापरून एखादं सरकार ते पाच पाच वर्षं बाजूला ठेवू शकतं, क्युबेकने तेच केलं आणि २०२४ मध्ये परत केलं. या कायद्याविरुद्धची केस सुप्रीम कोर्टात गेलीये, काय होईल ते होईल.

तू जाता जाता अजून एक विचारलंस, तुला वाईट वाटतं का म्हणून. हो, वाटतं. संध्याकाळी घरी आल्यावर चहा टाकायच्या आधी मी डबी उघडते, ते तू बघितलंयस. आजीला फोनवर यातलं काही बोलू नकोस, उन्हाळ्यात ती आली की मीच सांगेन.

तुझी
आई