‘निर्वासित’ की ‘शरणार्थी’?

सुदानमधील युद्धातून पळून शेजारच्या चाडमध्ये पोहोचलेल्या लोकांना मराठीत ‘निर्वासित’ म्हणावे की ‘शरणार्थी’, असा प्रश्न एका वाचकांनी विचारला आहे. ‘शरणार्थी’ हिंदीतून आला म्हणून तो टाळावा का, अशी पुरवणी त्यांनी जोडली आहे. या लोकांना कुणी हद्दपार केलेले नसताना ‘निर्वासित’ हा शब्द मुळातच चुकीचा ठरत नाही का, अशी शंकाही त्यांनी व्यक्त केली आहे. खरी मेख या शेवटच्या शंकेत असल्यामुळे तिच्यापासूनच सुरुवात करतो.

‘वस्’ म्हणजे राहणे. त्याच्या प्रयोजक रूपामागे ‘निर्’ लागला की राहत्या जागेतून बाहेर घालवणे असा अर्थ होतो, आणि ज्याला असे घालवले गेले तो ‘निर्वासित’. म्हणजे या शब्दात न दिसणारा एक कर्ता दडलेला आहे: कुणीतरी घालवले, म्हणून हा माणूस निघाला. सीतेच्या त्यागाला ‘सीतानिर्वासन’ म्हणतात ते याच अर्थाने. गोळीबार सुरू झाल्यावर पोराबाळांना घेऊन रातोरात सीमा ओलांडणाऱ्या बाईच्या हातात मात्र कुणी हद्दपारीचा हुकूम ठेवलेला नसतो. तेव्हा शंका रास्त आहे.

पण हीच अडचण आंतरराष्ट्रीय कायद्यालाही आली होती. निर्वासितांच्या दर्जाविषयीचा जो करार १९५१ मध्ये जिनिव्हात झाला, त्याच्या व्याख्येत ‘युद्ध’ हा शब्दच नाही. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत या कारणांवरून आपला छळ होईल अशी साधार भीती ज्याला वाटते आणि त्या भीतीपोटी जो स्वदेशाबाहेर आहे, तो निर्वासित, असे ती व्याख्या सांगते. छळ म्हटला की छळणारा आलाच. म्हणजे इथेही एक कर्ता गृहीत आहे. युद्धच एखाद्या समाजाच्या जिवावर उठलेले असेल, तर त्यातून सुटलेला माणूस या व्याख्येत बसतो. २०२३ मध्ये दारफूरच्या एल जेनेना शहरातून मसालित समाजाचे लोक हल्ल्यांपासून जीव वाचवत चाडमधल्या आद्रेकडे धावले, ते याचे ढळढळीत उदाहरण. परंतु जो केवळ दोन सैन्यांच्या मध्ये सापडला, त्याच्यासाठी ही व्याख्या अपुरी पडते.

आफ्रिकी देशांना ही उणीव सर्वांत आधी जाणवली. १९६९ मध्ये अदिस अबाबा येथे त्यांनी केलेल्या करारात परकीय आक्रमण, परकीय कब्जा किंवा सार्वजनिक सुव्यवस्था गंभीरपणे कोलमडणे या कारणांनी देश सोडणाऱ्यालाही निर्वासित मानले गेले. लॅटिन अमेरिकेत १९८४ च्या कार्ताहेना जाहीरनाम्याने तशीच वाट धरली. युरोपने मात्र मार्च २०२२ मध्ये युक्रेनमधून आलेल्यांसाठी ‘तात्पुरते संरक्षण’ असा वेगळा दर्जा लागू केला. त्याखाली चाळीस लाखांहून अधिक लोक राहिले, तरी प्रत्येकाच्या छळाची चौकशी करण्याचा प्रश्न आला नाही. चाड १९६९ च्या करारात सहभागी आहे. त्यामुळे प्रश्नकर्त्यांच्या उदाहरणातली माणसे कायद्याच्या भाषेतही सरळ निर्वासितच आहेत.

मराठीने हाच विस्तार करार-मसुद्यांवाचून, वापरातूनच केला. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्यांना आपल्याकडे ‘निर्वासित’ म्हटले गेले. त्यांतल्या प्रत्येकाला कुणी नाव घेऊन घालवले होते का, हे कुणी विचारले नाही. कल्याणच्या लष्करी छावणीत त्यांची सोय झाली, तिचे उल्हासनगर झाले, आणि तिथल्या भागांना लोक अजून ‘कॅम्प नंबर’ लावूनच ओळखतात. (ही माणसे भारताचे नागरिकच झाली, म्हणून आपल्या कायद्यांनी त्यांना ‘विस्थापित व्यक्ती’ म्हटले, ही गोष्ट वेगळी.) शिवाय ‘निर्वासित’ला मराठीत नात्यागोत्याचे शब्द आहेत: वस्ती, वसाहत, पुनर्वसन. जो वसतीतून निघाला, त्याला पुन्हा वसवायचे, हे या शब्दांच्या सोयरिकीतच आहे.

आता ‘शरणार्थी’. तो हिंदीत रुळला, पण मूळ संस्कृत. परका म्हणून त्याला दाराबाहेर ठेवण्याचे कारण नाही. अमरकोशात ‘शरणं गृहरक्षित्रोः’ असे आहे, म्हणजे शरण याचा अर्थ घर आणि रक्षणकर्ताही. या अर्थाने शरणार्थी म्हणजे घर मागणारा, आणि शब्द सुंदर आहे. घोटाळा मराठीने पुढे केला. आपल्याकडे ‘शरण येणे’ म्हणजे हार मानणे. नक्षलवादी शरण येतात, किल्ला शरण येतो. त्यामुळे मराठी कानाला ‘शरणार्थी’ या शब्दात हात जोडलेला माणूस दिसतो. हे नुसते मराठी कानाचे दुखणे नाही: दिल्लीत आलेल्या पंजाबी निर्वासितांनाही तो शब्द खुपला आणि त्यांतल्या अनेकांनी स्वतःला ‘पुरुषार्थी’ म्हणवून घेतले.

माझ्या मते निवाडा मानापमानापेक्षा व्याकरणावर व्हावा. ‘अर्थी’ म्हणजे मागणारा. त्याचे मागणे कुणीतरी मान्य किंवा अमान्य करायचे असते. ‘निर्वासित’ हे मात्र भूतकाळवाचक रूप आहे. जे व्हायचे ते घर सुटले तेव्हाच होऊन गेले आहे. निर्वासित कायद्याचेही हेच म्हणणे आहे, की एखाद्या सरकारने शिक्का मारला म्हणून माणूस निर्वासित होत नाही. तो असतोच, सरकार ते फक्त मान्य करते. म्हणूनच १९५१ च्या करारातले ३३ वे कलम, जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका असलेल्या ठिकाणी परत न हाकलण्याचे, अर्जाचा निकाल लागण्यापूर्वीही लागू होते. ससाण्याने मागितलेले कबूतर शिबी राजाने दिले नाही, ते त्या कबुतराचा अर्ज मंजूर झाल्यामुळे नव्हे. भारत या करारात सहभागी नाही, पण १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसे आली तेव्हा त्यांना सीमेवरून परत लोटले गेले नव्हते.

यावरून मी असा भेद पाळतो: सीमा ओलांडून आलेला तो निर्वासित, त्याने यजमान देशाकडे रीतसर अर्ज केला असेल आणि त्या अर्जाविषयीच बोलायचे असेल, तर आश्रयार्थी किंवा शरणार्थी. देशातल्या देशात घर सुटले असेल, तर विस्थापित. सुदानमध्ये या तिसऱ्या वर्गातले लोक सर्वाधिक आहेत, आणि त्यांना निर्वासित म्हणण्याची चूक बातम्यांत वारंवार होते.

जाता जाता ‘निर्वासितांचे लोंढे’ आणि ‘निर्वासितांचा बोजा’ यांविषयी. पहिला प्रयोग सोडून द्यावा. लोंढा अडवायचा असतो. दुसऱ्याला थोडा आधार आहे, कारण आश्रय देण्यामुळे काही देशांवर अवाजवी भार पडू शकतो, असे १९५१ च्या कराराच्या प्रस्तावनेतच आहे. मात्र तिथे तो भार आंतरराष्ट्रीय सहकार्याने वाटून घेण्याचे कारण म्हणून येतो, आणि संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या निर्वासितांविषयीच्या जागतिक संकल्पपत्रात ‘भार’ या शब्दाला ‘जबाबदारी’ची जोड मिळाली. तेव्हा बोजा लिहायचाच झाला, तर ‘चाडवर निर्वासितांचा बोजा’ एवढ्यावर न थांबता तो कुणी उचलायला हवा होता, तेही त्याच वाक्यात लिहावे.