आठवीनंतर मुलीला घरीच शिकवायचं आहे. नववी ते बारावीची आखणी कशी करावी?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुम्ही साखळीला राहता, मुलगी आठवी पास झाली आहे, या वर्षी तिला 14 पूर्ण झाली आणि आता तिला शाळेत पाठवायचं नाही असं घरात ठरलं आहे. आम्हीही गोव्यातच, फोंडा तालुक्यात, याच वाटेने गेलो. माझी मुलगी आठवीनंतर शाळेतून बाहेर पडली आणि मुक्त विद्यालयातून दहावी, मग बारावी झाली. त्यात जे जमलं आणि जे चुकलं, ते सांगते.

आधी चुकलेलं सांगते, कारण त्याने आमचे काही महिने गेले. मी घरातच शाळा मांडली होती. सकाळी आठपासून एकपर्यंत चाळीस-चाळीस मिनिटांचे तास, भिंतीवर वेळापत्रक, दर शनिवारी चाचणी. मुलगी गप्प होत गेली. एक दिवस म्हणाली, "आई, शाळेत निदान मधली सुट्टी होती." त्या संध्याकाळी मी वेळापत्रक उतरवलं. पण मग मी दुसऱ्या टोकाला गेले, आधी थोडी मोकळी राहू दे म्हणत नोंदणीच लांबवली. त्याचा फटका चार वर्षांनी बसला. तो असा.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या, म्हणजे एनआयओएसच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. दहावीला वयाची 14 पूर्ण लागतात, बारावीला 15. नोंदणी पाच वर्षं चालते आणि विषय एकेक, दोन-दोन करून देता येतात. पास झालेला विषय जमा राहतो. किमान पाच विषय लागतात, वर आणखी दोन घेता येतात. भाषा एक किंवा जास्तीत जास्त दोन. आता महत्त्वाचं: दहावी पूर्ण झाल्यापासून बारावीच्या प्रमाणपत्रापर्यंत दोन वर्षांचं अंतर पडावं लागतं. आम्ही उशिरा नोंदणी केल्यामुळे दहावीचा शेवटचा विषय ऑक्टोबरात आला. साहजिकच बारावीचाही शेवटचा विषय ऑक्टोबरात, निकाल थंडीत, आणि कॉलेजचे प्रवेश जूनला. मधले सहा महिने ती नुसती वाट बघत राहिली. ही चूक सर्वस्वी माझी.

म्हणून तुम्ही कॅलेंडर उलटं, शेवटाकडून मांडा. या जून-जुलैत नोंदणी केली की पहिली परीक्षा पुढच्या एप्रिलात. त्यानंतर ऑक्टोबर, मग पुन्हा एप्रिल, आणि दहावी संपली. तिच्या वर्गातल्या मुली दहावीला बसतील त्याच सुमाराला. तिथून दोन वर्षांनी एप्रिलात बारावी. वर्ष कुठेच वाया जात नाही आणि पाचही विषय एका दमात द्यावे लागत नाहीत. पाच विषय एकदम द्यायचे असतील तर मुलीला शाळेतून काढलंच कशाला, असं मला खरंच वाटतं.

तीन परीक्षांत विषय कसे वाटायचे? आम्ही पहिल्यांदा मराठी आणि चित्रकला दिली, म्हणजे तिला आवडणारं आणि हाताशी असलेलं. परीक्षेचा हॉल, अनोळखी पर्यवेक्षक, तीन तास सलग लिहिणं, हे सगळं या सोप्या विषयांवर सरावाचं झालं. दुसऱ्या खेपेला इंग्रजी आणि सामाजिक शास्त्र, शेवटी गणित आणि विज्ञान. गणित सोडता येतं, आणि बऱ्याच घरांत ते सोडलं जातं. तुम्ही मात्र सोडू नका. पुढे पॉलिटेक्निकला किंवा विज्ञान शाखेला जावंसं वाटलं तर तिथे अडतं, आणि चौदाव्या वर्षी पुढचं कुणाला ठाऊक असतं?

माध्यमाबद्दल तुम्ही विचारलंय. आपल्याकडे चौथीपर्यंत मराठीत शिकलेली मुलं पाचवीपासून इंग्रजीत जातात. एनआयओएसची दहावी मराठी माध्यमातूनही देता येते. तरी चार वर्षं इंग्रजीतून गणित-विज्ञान केलेल्या मुलीला आता माध्यम बदलायला लावू नये. मराठी विषय म्हणून घ्या आणि तो मनापासून शिकवा.

गृहपाठासारख्या स्वाध्यायांना, म्हणजे टीएमएला, 20 टक्के गुण असतात. तारखा पाळा. विज्ञानाचं प्रात्यक्षिक अभ्यास केंद्रात होतं. केंद्र निवडण्याआधी तिथली प्रयोगशाळा स्वतः जाऊन बघा. पुढे अकरावीसाठी नेहमीच्या उच्च माध्यमिक शाळेत जायचं मनात असेल तर त्या शाळेला वर्षभर आधी भेटा. बारावीनंतर जेईई, म्हणजे इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा, द्यायची असेल तर मुक्त विद्यालयाची बारावी चालते, पण किमान पाच विषय हवेत.

पण ताई, ही झाली परीक्षेची आखणी. या अभ्यासाला दिवसाचा निम्मा वेळ पुरतो, त्याहून जास्त देऊ नका. उरलेल्या निम्म्या दिवसासाठीच तर मुलगी घरी राहिली आहे. त्या वेळेत आमच्याकडे एक गोष्ट घडली, ती जरा सविस्तर सांगते.

बोरीला आमच्या नात्यातल्यांची खाजनात, म्हणजे नदीचं खारं पाणी बांध घालून अडवलेल्या जमिनीत, शेती आहे. बांधावर मानस आहे, म्हणजे पाण्याची लाकडी झडप. नदीला भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने त्याच्या फळ्या मिटतात, ओहोटी लागली की आतलं पाणी त्या ढकलून बाहेर पडतं. माणसाचा हात लागत नाही. ते बघून मुलगी तिथेच उभी राहिली आणि घरी येऊन दाबाचा धडा स्वतःहून काढून बसली. मग तिने वही केली. रोज भरती कधी आली ते मामा फोनवर सांगायचा, ही लिहायची. पंधरा दिवसांनी आलेख काढला आणि तिचं तिलाच कळलं की भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते. चंद्राशी त्याचा संबंध तिने नंतर वाचला. मे महिन्यात एक लिटर नदीचं पाणी आटवून तळाचं मीठ तोललं, जुलैत पुन्हा तेच केलं तर फारच थोडं उरलं. खाऱ्या जमिनीत कोरगुट भात कसं टिकतं, हा त्यातूनच निघालेला प्रश्न. बांध कुणी बांधले, डागडुजी कोण करायचं, हे विचारत ती गावकारीपर्यंत, म्हणजे गावाची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या जुन्या ग्रामसंस्थेपर्यंत, पोचली आणि पोर्तुगीजांनी 1526 मध्ये गावकारीचे रिवाज लिहून काढले तिथपर्यंत गेली. पुस्तकांसाठी दर गुरुवारी आम्ही कदंबच्या बसने पणजीला, पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जायचो. 1832 पासूनचं ग्रंथालय आहे ते, आणि सकाळी गेलं तर दुपारी पाय निघत नाही. शेवटी तिने या सगळ्यावर बारा पानांचा मराठी लेख लिहिला. मराठीची तयारी वेगळी करावीच लागली नाही.

तुमच्या बाजूला तर याहून जास्त आहे. हरवळ्याची लेणी घरापासून हाकेच्या अंतरावर, नार्व्याला सप्तकोटेश्वराचं देऊळ, आणि सगळ्यात मोठं म्हणजे लोहखनिजाच्या खाणी. 2012 ला खाणी थांबल्या, 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने 88 लीज, म्हणजे खाणपट्टे, रद्द केले. त्याचं डिचोली तालुक्यात काय झालं, ट्रकवाल्यांचं, शेतांचं, विहिरींचं, हे तिला शेजारपाजारी विचारून लिहू दे. नागरिकशास्त्र, भूगोल, टक्केवारी, सगळं त्यात येतं. विषय मात्र तिने निवडावा. खाजन मी सुचवलं नव्हतं, मी सुचवलेलं सगळं पहिल्या महिन्यातच बारगळलं.

दुसऱ्या वर्षापासून आठवड्याचा बेतही तीच करायची. रविवारी संध्याकाळी वहीत लिहायची, मी फक्त परीक्षेचे धडे राहून जात नाहीत ना एवढं बघायचे. कधी राहायचे. मग त्या आठवड्यात बांधावर जाणं बंद, हेही तिनेच ठरवलेलं.

शेवटी तुम्ही विचारलंय, ती एकटी पडेल का? पडेल. पहिले चार-सहा महिने नक्की. जुन्या मैत्रिणींचे विषय शाळेतले, ते हिला कळेनात. एकदा वाढदिवसाहून लवकर परत आली आणि जेवली नाही. मला तेव्हा वाटलं होतं, परत शाळेत घालावं. घरातल्या माणसांनी ती जागा भरत नाही, हे मानून घ्या आणि नोंदणीसोबतच तिच्या वयाच्या मुलांमध्ये दर आठवड्याला जाणं होईल असं काहीतरी ठरवा. आमच्याकडे ते देवळातल्या नाटकाच्या तालमीने झालं. आधी पडद्यामागे वेशभूषा सांभाळायची, पुढच्या वर्षी छोटी भूमिका मिळाली. गणेशचवथीआधी वाड्यावरच्या बायकांच्या फुगडीच्या पथकात शिरली आणि मग रात्री दहाला तिला घरी बोलवायला मला जावं लागायचं.