प्रश्न तुमचे: मधली बारा वर्षं

ताई, मी ३८ वर्षांची, बारावी झालेली. लग्नानंतर १२ वर्षं घरीच होते. जवळच एका मोठ्या सुपरमार्केटची शाखा उघडतेय, तिथे बिलिंग काउंटरसाठी अर्ज दिलाय. मधल्या वर्षांबद्दल विचारलं तर काय सांगू?
– एक वाचक, नाशिक

खरं तेच सांगा. मुलं लहान होती, घर सांभाळलं, आता वेळ देऊ शकते. एवढं पुरे.

मी स्वतः अशा दुकानात काउंटर सांभाळला, पुढे मुलाखतीही घेतल्या. एक प्रश्न हमखास विचारायचे: बिल ३८७ रुपयांचं, गिऱ्हाइकाने ५०० ची नोट दिली, परत किती? एक बाई बोटांवर पुटपुटल्या, "तेरा दिले की चारशे, वर शंभर... ११३." वर्षानुवर्षं वाण्याकडे केलेला हिशेब तो! त्यांना मी लगेच घेतलं. दह्याचे डबे कसे लावाल, असंही विचारतील. जुना माल पुढे, नवा मागे. घरच्या फ्रिजमध्ये आपण तेच करतो ना?

तुम्हीही विचारा. शिफ्ट कोणती, आठवड्याची सुट्टी कधी (रविवारची आशा नको, गर्दी तेव्हाच असते), आणि हातात नेमके किती येणार. मूळ पगार अधिक महागाई भत्त्याच्या १२ टक्के पीएफला जातात. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयचं (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचं) काय, तेही विचारा.

आणि कुणी "युनिफॉर्मचे पैसे आधी भरा, नोकरी पक्की" म्हणालं, तर एक रुपयाही देऊ नका. थेट दुकानात जाऊन चौकशी करा.