समानुभूती असलेला उद्योजक कठोर निर्णय घ्यायला कचरतो का?

तुम्ही विचारलंय की दुसऱ्याच्या जागी जाऊन विचार करणारा माणूस धंद्यात मवाळ पडतो का. मीही बरीच वर्षं तसंच धरून चाललो होतो. मग एका चुकीने माझं मत बदललं.

माझ्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत एका सहकाऱ्याची आई आजारी होती आणि त्याची कामं रखडत होती. त्याला काही बोलणं माझ्या जिवावर आलं, म्हणून मी त्याची कामं गुपचूप इतर दोघी सहकाऱ्यांकडे वळवली. आपण किती समजून घेतोय, असंच वाटत होतं. चार महिन्यांनी त्या दोघींपैकी एकीने राजीनामा दिला. आणि तो म्हणाला, "मला वाटलं, तुम्हाला आता माझी गरज उरली नाही." त्याला हवं होतं ते एवढंच, की सकाळची मीटिंग अकरानंतर घ्यावी. मी त्याला विचारलंच नव्हतं!

कळवळा माझ्याकडे भरपूर होता. त्याच्यावर नेमकं काय बेतलंय, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. समानुभूती म्हणजे ते जाणून घेण्याची खटपट, असं मी आता मानतो.

जीई या अमेरिकी कंपनीचे डग डिट्झ एमआरआय यंत्रांची रचना करायचे. आपलं यंत्र बघायला ते रुग्णालयात गेले, तर तपासणीला आलेली एक लहान मुलगी घाबरून रडत होती. अनेक मुलांना तपासणीआधी गुंगीचं औषध द्यावं लागतं, हे त्यांना तिथे कळलं. यंत्राचं तंत्र तसंच ठेवून त्यांनी खोलीचं चाच्यांचं जहाज केलं, मुलांसाठी गोष्ट रचली. गुंगी द्यावी लागणाऱ्या मुलांची संख्या घटली. कार्यालयात बसून हे सुचलं नसतं.

आता कठोर निर्णयांबद्दल, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. मे २०२० मध्ये प्रवास ठप्प झाल्यावर एअरबीएनबी या प्रवाशांना राहायला घरं मिळवून देणाऱ्या कंपनीने सुमारे ७,५०० पैकी जवळपास १,९०० लोकांना कमी केलं. निर्णय टळला नाही. पण अमेरिकेतल्या लोकांना किमान १४ आठवड्यांचा मूळ पगार आणि वर्षभराचा आरोग्य विमा मिळाला, कंपनीचे लॅपटॉप ठेवून घेता आले, आणि भरती विभागातली काही माणसं त्यांना नव्या नोकऱ्या शोधून देण्याच्या कामाला लागली. लॅपटॉपची गोष्ट मला फार मोलाची वाटते. उद्या सकाळी हा माणूस अर्ज कशावर लिहिणार, असा विचार कुणीतरी केल्याशिवाय ते सुचत नाही.

एक धोका मात्र खरा आहे. समोर बसलेल्याचं दुःख दिसतं, समोर नसलेल्याचं दिसत नाही. माझ्या नजरेतून त्या दोघी अशाच सुटल्या होत्या. म्हणून आता कुणाला सवलत देताना त्याचं काम कुणाच्या अंगावर पडणार ते मी आधी बघतो, आणि त्या व्यक्तीशी त्याच दिवशी बोलतो. कधीकधी ती नाही म्हणते. मग मी ग्राहकाला फोन करून मुदत वाढवून मागतो.