वारसा वाटणी किंवा हदीस (पैगंबरांच्या वचन-कृतींची नोंद) एआय चॅटबॉटला विचारली तर इस्लामनुसार चालेल का?

शोधायला चालेल, निर्णय मात्र त्याच्यावर सोडू नका. आलेली बातमी पडताळून घ्या, असं कुरआन (४९:६) सांगतं. चॅटबॉट शब्दांचा संभाव्य क्रम जुळवतो, त्यामुळे नसलेली हदीससुद्धा क्रमांकासकट देऊ शकतो. पैगंबरांच्या नावावर खोटं खपवणं हे फार मोठं पाप आहे. पुढे पाठवण्याआधी मूळ संग्रहात अरबी मजकूर आणि सनद (ती सांगणाऱ्यांची साखळी) बघाच. नुसता क्रमांक पुरत नाही, सहीह मुस्लिम या हदीससंग्रहाचे क्रमांक आवृत्तीनुसार बदलतात.

वारशात चूक जास्त महागात पडते. मागे पत्नी, दोन मुली, आई आणि वडील असतील तर हिस्से १/८, २/३, १/६, १/६. बेरीज २७/२४, म्हणजे मालमत्तेपेक्षा जास्त! सुन्नी फिकहमध्ये (इस्लामी धर्मकायद्यात) इथे ‘औल’, म्हणजे सगळ्यांचे हिस्से प्रमाणात कमी करणं, लागतो: छेद २७ करायचा, पत्नीला ३/२७ म्हणजे १/९. शिया जाफरी फिकह औल मानत नाही, तिथे तूट मुलींच्या वाट्यातून जाते. बॉटने दोन्ही मिसळले की हिशेब कोलमडतो. म्हणून प्रश्नातच फिकह सांगा, दफनखर्च, कर्ज आणि वसीयत (मृत्युपत्रातलं देणं) आधी वजा करा, बेरीज स्वतः तपासा आणि कागद मुफ्तींना दाखवूनच वाटणी करा.