इंग्लंडमधल्या खेड्यात आपल्या माणसाला करमतं का? तिथलं रोजचं आयुष्य कसं असतं?

तुम्ही लिहिलंय की बायकोला इंग्लंडच्या ग्रामीण भागात नर्सची नोकरी मिळतेय, आणि लंडन-लेस्टर सोडून अशा आडगावी निभाव लागेल का ही धाकधूक आहे. आम्ही बरीच वर्षं उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशायर डेल्स या डोंगराळ मुलखात, वेन्सलीडेल खोऱ्यात काढली. नवरा तिथल्या दवाखान्यात डॉक्टर, मी त्याच दवाखान्याच्या औषध खिडकीवर. (रुग्णाच्या घरापासून औषधाचं दुकान मैलापेक्षा लांब असेल, तर खेड्यातल्या डॉक्टरांना स्वतःच औषधं देता येतात. त्यामुळे गावातलं झाडून सगळं म्हातारं माणूस माझ्या ओळखीचं झालं.) त्या खोऱ्याचंच सांगते, केंट-कॉर्नवॉलचं चित्र वेगळं असेल.

आधी रोकडा व्यवहार. दोघांपैकी एकालाही गाडी चालवता येत नसेल तर जाऊ नका. आमचं बाजाराचं गाव हॉझ, वस्ती जेमतेम हजार-अकराशे. नॉर्थॲलर्टनहून हॉझला येणारी पॅसेंजर गाडी 1954 सालीच बंद पडली. आता जवळचं स्टेशन गार्सडेल, तेही डोंगरात. गावात फिरते ती 'लिटल व्हाइट बस', आणि तीसुद्धा लोकांनीच संस्था काढून चालवलेली. स्टिअरिंगवर बहुतेक वेळा बिनपगारी काम करणारे निवृत्त आजोबा. आसपासच्या बऱ्याच खेड्यांत गॅसची पाइपलाइन नाही. घर गरम ठेवायला परसात तेलाची टाकी असते, आणि स्वस्त पडावं म्हणून चार-दहा घरं मिळून टँकर मागवतात. डिसेंबरात पावणेचारला दिवस मावळतो. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड, त्यामुळे पोरं झोपायचं नाव घेत नाहीत.

मी वाळवा तालुक्यातली, शेतकऱ्याच्या घरातली. गाव म्हणजे शेती हे डोक्यात पक्कं होतं. आमच्या गल्लीत शेती करणारं घर एकच निघालं. बाकी बरीचशी मंडळी शहरात नोकरी संपवून इथं आलेली, आणि उरलेल्या घरांना कुलूप. आपल्याकडे कोकणात कुलूपबंद घरं असतात ती चाकरमान्यांची स्वतःची, वाडवडिलांची. इथली बाहेरच्या पैसेवाल्यांनी सुट्टीपुरती घेतलेली. भाव इतके चढलेत की तिथं जन्मलेल्या मेंढपाळाच्या पोराला स्वतःच्या गावात घर घेणं जमत नाही. एप्रिल 2025 पासून नॉर्थ यॉर्कशायर कौन्सिलनं असल्या दुसऱ्या घरांवर दुप्पट कर बसवलाय. माझ्या मते फार उशीर केला. पोरं कधीच डार्लिंग्टन-लीड्सला गेली.

शेती आहे ती मेंढ्यांची. स्वेलडेल जातीची मेंढी: काळं तोंड, नाकापाशी पांढुरकी, शिंगं वळलेली, आणि कुणाची ते कळावं म्हणून लोकरीवर निळा किंवा लाल डाग. हॉझच्या मार्टातला, म्हणजे मेंढ्यांच्या बाजारातला लिलाव एकदा तरी बघाच. लिलाव पुकारणारा श्वास न घेता बोलतो, आणि घेणारे कठड्याला टेकून, चेहऱ्यावरची माशीही न हलवता उभे. भुवई उडवली की बोली लागली. मी तर नाक खाजवायलाही घाबरायचे.

शेतांच्या कडेला दगडी भिंती, मैलच्या मैल, डोंगरमाथ्यापर्यंत. चुना नाही, सिमेंट नाही. शेजारचा शेतकरी ढासळलेलं खिंडार भरताना मी पोरीला घेऊन बघत बसायचे. दोन्ही अंगांनी मोठे दगड आतल्या बाजूला किंचित झुकवून रचायचे, मधल्या पोकळीत बारीक दगड ठासायचे, ठरावीक उंचीला एक लांब दगड आरपार घालायचा म्हणजे दोन्ही बाजू एकमेकींना धरून राहतात, आणि सगळ्यात वर उभ्या दगडांची ओळ. उचललेला दगड तो परत खाली ठेवत नसे; हातात आला की त्याला जागा सापडलीच पाहिजे असा त्याचा हट्ट. आणि एवढी राखलेली भिंत असूनही त्याच्या शेतातून कुणीही सोम्यागोम्या चालत जाऊ शकतो, कारण पायवाट कायद्यानं सार्वजनिक आहे. आमच्याकडे वीतभर बांधासाठी सख्खे भाऊ कोर्टात जातात, त्यामुळे मला हे पचायला वेळ लागला. नियम इतकाच की फाटक उघडं दिसलं तर उघडं ठेवा, बंद दिसलं तर बंद करा.

साखर कारखान्यांच्या सांगलीकडची असल्यानं मला सगळ्यात जवळची वाटली ती तिथल्या चीज कारखान्याची गोष्ट. वेन्सलीडेल चीज बाराव्या शतकात आलेल्या मठवासी साधूंपासूनचं. 1992 साली मालक कंपनीनं हॉझचा कारखाना बंद केला आणि चीज लँकाशायरमध्ये बनवायचं ठरवलं. लँकाशायर म्हणजे शेजारचा जुना प्रतिस्पर्धी, यॉर्कशायरवाल्यांना याहून मोठी शिवी नाही. काही महिन्यांत तिथल्याच व्यवस्थापकांनी कारखाना विकत घेऊन जुन्या कामगारांना हाताशी धरून तो परत सुरू केला. मग 'वॉलेस अँड ग्रॉमिट' या मातीच्या बाहुल्यांच्या सिनेमात या चीजचं नाव आलं आणि खप वाढला. नाताळात हे लोक चीजचा तुकडा फ्रूट केकबरोबर खातात. नाक मुरडू नका, चांगलं लागतं.

आता माणसं. 'येता का चहाला' असं कुणी सहज म्हणणार नाही, आणि न सांगता कुणाच्या दारात गेलेलं चालत नाही. सुरुवातीचे काही महिने मला वाटायचं की आपण यांना नकोच आहोत. पायवाटेवर भेटलेला प्रत्येक जण हवेबद्दल बोलणार, कुत्र्याचं नाव सांगणार आणि पुढं जाणार. मग कळलं की तिथं ओळख होते ती कामातून. व्हिलेज हॉलची किल्ली कुणाकडे, चर्चमधली फुलं या आठवड्यात कुणाची, वाचनालयात शनिवारी कोण बसणार, या सगळ्याच्या पाळ्या लागलेल्या असतात. गावाचा अर्धा कारभार अशा फुकट पाळ्यांवर चालतो. रिचमंडजवळच्या हडस्वेलमध्ये तर बंद पडलेला पब गावकऱ्यांनी 2010 मध्ये विकत घेतला, आत दुकान आणि वाचनालय थाटलं, आणि त्याला 2016 चा देशातला सर्वोत्तम पब म्हणून मान मिळाला. मी हॉलच्या स्वयंपाकघरातली पाळी घेतली आणि महिन्याभरात माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी होऊ लागली.

गावच्या शोमध्ये, म्हणजे भाज्या आणि घरगुती पदार्थांच्या स्पर्धेत, लोणचं ठेव असा आग्रह पाळीवरच्याच एका आजींनी केला. तिथं सगळ्याचे नियम छापलेले: कांदे तीन, एकसारखे, माना सुतळीनं बांधलेल्या, बरणीच्या झाकणावर कुठल्याही कंपनीचं नाव नको. 'चटणी, कोणतीही' या गटात माझं लिंबाचं गोड लोणचं तिसरं आलं. परीक्षकाच्या चिठ्ठीवर शेरा होता, 'उत्तम चव, साली अजून मऊ हव्यात'. साली मऊ कशा असतील, मुरायला वेळ कुठं होता!

नोव्हेंबर 2021 मध्ये आर्वेन वादळ आलं. उत्तर इंग्लंडात काही घरांना आठवड्याहून जास्त वीज नव्हती. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी तोच भिंतवाला शेतकरी क्वाड बाइकवर, मागे कॅम्पिंगचा शेगडी-सिलिंडर बांधून आला. 'तुमचं सगळं विजेवर आहे ना,' एवढंच बोलला आणि पुढच्या घराकडे गेला. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी हॉलमध्ये आधीच तयार होती.

वर्णद्वेषाचं विचारलंत. गावात कुणी तोंडावर वाईट बोललं नाही. कुतूहल भरपूर, 'पण मूळची कुठली?' हे प्रत्येक नवा माणूस विचारणार. एका बाजारगावात धावत्या गाडीतून एकदा घाणेरडी हाक आली, ती अजून डोक्यात आहे. आणि गोरा नसलेला चेहरा आठवडेच्या आठवडे न दिसणं याचा जो शीण येतो तो कुणाच्या चांगुलपणानं जात नाही. गणपतीला आम्ही लीड्सला जायचो. कढीपत्ता, ताजी मेथी, भाकरीचं पीठ यासाठी ब्रॅडफर्डची फेरी, जाताना दीड तास, येताना फ्रीझरपुरतं.

मुलं लहान असतील तर बिनधास्त जा. प्राथमिक शाळेत एका वर्गात दोन-दोन इयत्ता बसतात आणि बाई प्रत्येकाला नावानं ओळखतात. पोरं चौदा-पंधराची असतील तर मात्र जवळच्या मोठ्या गावात घर बघा आणि बायकोनं गाडीनं कामावर जावं. त्या वयाच्या पोरांना संध्याकाळी सहानंतर तिथं कुठंच जाता येत नाही. आमचीही मोठी त्या वयाला आली तेव्हा आम्ही नॉर्थॲलर्टनला हललो. आपलं भारतीय लायसन्स तिथं राहायला गेल्यापासून बारा महिनेच चालतं, म्हणून पोचल्या पोचल्या तिथल्या परीक्षेची तारीख घ्या. ती मिळायलाच महिने लागतात.