चवथीनंतर थिवीहून मुंबई: रिग्रेट दिसलं तरी चार्टपर्यंत थांबा

ताई, तुम्ही विचारलंय की पाच दिवसांचा गणपती पोचवून दोघांना गोव्यातल्या थिवीहून मुंबईला परतायचंय, कोकणकन्या, मांडवी, मत्स्यगंधा या सगळ्या गाड्यांत लांबलचक वेटिंग नाहीतर रिग्रेट, म्हणजे वेटिंगचंही तिकीट मिळत नाही, आणि एजंट माणशी जादा पैसे मागतोय. एजंटला एक रुपयाही देऊ नका. जागा सुटण्याची खरी वेळ चार्ट, म्हणजे गाडीतल्या प्रवाशांची यादी, लागतानाची, आणि तेव्हा त्याच्याकडे असतं तेच तुमच्याही मोबाईलवर असतं.

गणपतीत पुष्कळ जण दोन-तीन तारखांची तिकिटं काढून ठेवतात आणि नको असलेली चार्टच्या आधी रद्द करतात, कारण नंतर पैसे बुडतात. निरनिराळ्या कोट्यांतल्या न वापरलेल्या जागाही चार्ट बनतानाच मोकळ्या होतात. या जागा आधी आरएसी (अर्ध्या बर्थवर बसायची जागा) आणि वेटिंगवाल्यांना जातात, उरतील त्या करंट बुकिंगला, म्हणजे चार्टनंतरच्या तिकीटविक्रीला येतात. म्हणून शे-दीडशे वेटिंग असलेल्या स्लीपरवर डोळे लावून बसण्यात अर्थ नाही. ज्या गाडीत, ज्या वर्गात वेटिंग पाच-दहाचं आहे, तिथेच चार्टनंतर काहीतरी उरतं.

चार्ट पूर्वी गाडी सुटण्याच्या चार तास आधी लागायचा. 2025 पासून तो बराच आधी लागतो. मांडवीसारख्या सकाळच्या गाडीचा आदल्या रात्री आठ-नऊच्या सुमारास, कोकणकन्येसारख्या संध्याकाळच्या गाडीचा त्याच दिवशी सकाळी. गणपतीच्या दिवसांत पावसाळी वेळापत्रक चालू असतं, गाड्यांच्या वेळा बदललेल्या असतात, तेव्हा जुन्या वेळेच्या भरवशावर राहू नका. मत्स्यगंधा आणि नेत्रावती मंगळुरू-केरळकडून येतात. त्यांचा पहिला चार्ट तिकडच्या सुटण्याच्या वेळेवर लागतो, मडगावच्या नव्हे. हे लक्षात न आल्यामुळे कितीतरी जण उशिरा बघतात.

चार्ट लागला की आयआरसीटीसीवर ‘चार्ट्स / व्हेकन्सी’ उघडा, लॉगिन लागत नाही. गाडी, तारीख, चढायचं स्टेशन टाकलं की डबेवार चित्र येतं. समजा एस-4 मधला 37 नंबरचा, म्हणजे मधला बर्थ मोकळा दिसला, तर त्यावर बोट ठेवून कुठून कुठपर्यंत मोकळा आहे ते वाचा. गणपतीच्या परतीला बहुतेकदा ‘मडगाव ते कुडाळ’ किंवा ‘मडगाव ते रत्नागिरी’ असंच निघतं, कारण खरी गर्दी सिंधुदुर्गात चढते. गाडीत शिरल्यावरही तोच अनुभव: थिवीला अर्धा डबा रिकामा दिसतो, माणसं खुशाल पसरतात आणि कुडाळ-कणकवलीला तिकीटवाले हजर होतात. मोकळा बर्थ पनवेल-ठाण्यापर्यंत दिसला, तरच लगेच करंटमध्ये तिकीट काढून बघा. चित्रात जागा आहे म्हणजे ती विकायला आहेच असं नाही, तिकीट हातात पडलं की खरं. गाडी सुटण्याच्या अर्धा तास आधी दुसरा चार्ट लागतो, तेव्हाही एकदा नजर टाका.

आता गाड्या. गोवा एक्सप्रेस मला तुमच्यासाठी सगळ्यात बरी वाटते. ती वास्कोहून सुटते, मडगाव करून लोंढा, बेळगाव, मिरजेवरून पुण्याला जाते. कोकणातली गर्दी तिच्या वाटेवरच नाही. पुण्याहून मुंबईला गाड्या आणि बस भरपूर. रात्रीचं उतरणं त्रासाचं आहे खरं, पण झोपून तरी जाल. दुसरी तुतारी: ती सावंतवाडीहूनच सुटते आणि सकाळी दादरला पोचवते. तुम्ही डिचोलीच्या, दोडामार्गावरून सावंतवाडी काही लांब नाही. वंदे भारत थिवीला थांबते, भाडं जास्त आहे, पण तिथलं वेटिंगही बघा. मात्र पावसाळ्यात ती आठवड्यातून तीनच दिवस धावते, तेव्हा वार आधी बघा. शून्याने सुरू होणाऱ्या नंबरच्या गणपती स्पेशल गाड्याही शोधा. उशिरा जाहीर झालेली स्पेशल पुष्कळांना माहीतच नसते.

तत्काळ सोडू नका. आदल्या दिवशी एसीचं दहाला, बाकीचं अकराला उघडतं. 2025 च्या जुलैपासून ऑनलाइन तत्काळला आधार जोडलेलं खातं लागतं, ते काम आजच उरका. एजंटांना पहिला अर्धा तास बंदी आहे, त्यामुळे तुम्ही त्यांच्या पुढेच असता.

थिवीहून वेटिंग आणि मडगावहून जागा असं कधीकधी दिसतं. तेव्हा तिकीट मडगावहून काढा, पण चढायचं स्टेशन थिवी असं तिकिटातच नोंदवा. नाहीतर मडगाव सुटल्यावर टीसी तुम्हाला गैरहजर धरतो आणि बर्थ आरएसीवाल्याला देतो.

ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्टनंतरही पूर्ण वेटिंगच राहिलं तर ते आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात, त्यावर गाडीत चढू नका. आरएसी असेल तर बिनधास्त चढा, बसायला जागा नक्की मिळते आणि रत्नागिरीच्या आत टीसीच्या हातातल्या यंत्रावर एखादा बर्थ निघूही शकतो. जादा काही भरायला सांगितलं तर पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.